सरकारी दाव्यांचा खर्च चावडीवर लावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या बापजाद्यांनी पोळून निघाल्यावर केलेली आहे. बांधावरच्या दोन हात जमिनीपायी चार एकर विकलेली घराणी कोणत्याही गावात दाखवता येतील. परंतु ज्याला स्वतःचे काहीच विकावे लागत नाही, त्यास ही म्हण कोणी सांगावी? आपल्या देशात असा एक पक्षकार आहे की, तो वर्षानुवर्षे कोर्टात उभा राहतो, हरतो, पुन्हा वरच्या कोर्टात जातो, तेथेही हरतो, आणि तरी त्याच्या घरची चूल एक दिवसही विझत नाही. तो पक्षकार म्हणजे सरकार. त्याच्या वकिलाची फी, कागदपत्रांचा खर्च, हरल्यावर भरावे लागणारे व्याज, हे सारे रयतेच्या पैशातून जाते. आणि मौज अशी की, पुष्कळ वेळा समोरचा वादीही तोच रयत असतो. म्हणजे दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी एकाच्याच कनवटीची! आपल्या वकिलाला काय दिले ते त्यास ठाऊक असते, कारण त्यासाठी त्याने बैल विकलेला असतो. आपल्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या वकिलाला आपणच काय दिले, हे मात्र त्यास कोणी सांगत नाही.

हा आकडा रयतेस कळला पाहिजे, तो दाव्यागणिक कळला पाहिजे आणि न मागता कळला पाहिजे, एवढेच आजचे आमचे म्हणणे आहे.

सरकार हे कोर्टाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे, ही गोष्ट आम्ही पदरची सांगत नाही. कायदा आयोगाने १९८८ साली आपला १२६ वा अहवाल सरकारी दाव्यांच्या याच दुखण्यावर लिहिला. २०१० सालच्या राष्ट्रीय दावा धोरणात सरकारने ही गोष्ट आपल्या तोंडाने कबूल केली. एप्रिल २०२२ मध्ये त्या वेळचे सरन्यायाधीश रमणा यांनी मुख्यमंत्र्यांच्या देखत सांगितले की, कोर्टांतील जवळजवळ निम्मे दावे सरकारचे आहेत. रोग सर्वांस मान्य आहे. औषधाचा खर्च किती होतो, एवढेच कोणी बोलत नाही.

संसदेत अधूनमधून प्रश्न विचारले जातात व उत्तरेही येतात. केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२३-२४ या एका वर्षात कोर्टकज्जांवर केंद्राचे सुमारे ६६ कोटी रुपये खर्च झाले. त्याच सुमारास संसदेत असेही सांगण्यात आले की, केंद्र सरकार पक्षकार असलेले सुमारे ७ लाख दावे तुंबून पडले आहेत. आम्ही शाळामास्तर. दोन आकडे शेजारी दिसले की भागाकार करून पाहण्याची आम्हांस खोड आहे. ६६ कोटींस ७ लाखांनी भागिले तर दाव्यामागे वर्षाला साडेनऊशे रुपयेही पडत नाहीत! तालुक्याच्या कोर्टात नुसती पुढची तारीख मागण्यासाठीही वकील एवढ्या पैशांत खुर्चीवरून उठत नाही. तेव्हा एक तर सरकारास वकील फुकट मिळत असले पाहिजेत, नाही तर या ६६ कोटींत सगळा खर्च धरलेला नसला पाहिजे. खात्यांनी व महामंडळांनी परस्पर दिलेली फी, राजधानीला खेटे घालणाऱ्या अधिकाऱ्यांचा प्रवासभत्ता, हरल्यावरचे व्याज ही निरनिराळ्या सदरांखाली विखुरलेली असतात. एकत्र मांडल्याखेरीज ती कोणास दिसावयाची नाहीत.

सरकार फी कशी देते याचा एक नमुना शेजारच्या राज्यात पाहावयास मिळाला. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावला. त्यात आपल्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलांची फी ठरविणारा हुकूम कर्नाटक सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढला आणि तो वर्तमानपत्रांत आला. सगळ्या वकिलांची मिळून एका दिवसाची फी ५९ लाख ९० हजार रुपये! पुढे त्याच वर्षी माहितीच्या अधिकारात आणखी एक आकडा बाहेर पडला. कावेरी, कृष्णा व म्हादई या नद्यांच्या तंट्यांत १९९० पासून त्या सरकारने वकिलांपायी १२२ कोटींच्या घरात रुपये घातले होते. हे आकडे चव्हाट्यावर आल्याने कर्नाटकाची बाजू लंगडी पडली काय? कृष्णेतले त्यांचे पाणी ओंजळभर तरी कमी झाले काय? काही झाले नाही. तेथील रयतेस आपला पैसा कोठे गेला ते कळले, इतकेच.

आता आपल्या बाजूचे पाहा. बेळगाव-कारवारचा मराठी माणूस वीस वर्षांहून अधिक काळ या दाव्याकडे डोळे लावून बसला आहे. त्यासाठी उत्तमात उत्तम वकील द्यावा, फीकडे पाहू नये, असेच आम्ही म्हणू. पण दाव्याच्या आरंभापासून आजवर कोणास किती दिले, त्यातले प्रत्यक्ष युक्तिवादाचे दिवस किती व नुसत्या तारखांचे किती, असा एक सलग तक्ता गावोगावच्या ग्रामपंचायतीत लागला, तर त्यास कोणाची हरकत असावी? वकील नेमल्याचे शासन निर्णय संकेतस्थळावर चढतात हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु अमुक वकिलास दिवसास अमुक रुपये, एवढे कळून काय उपयोग? दिवस किती लागले हे कळल्याखेरीज गुणाकार कसा करावा?

अर्थात वकिलाची फी हा या खर्चाचा लहान तुकडा आहे. खरे भगदाड दुसरीकडेच आहे, आणि ते शेतकऱ्याच्या उंबऱ्याशी आहे. समजा, धरणात किंवा रस्त्यात कोणाची जमीन गेली. भूसंपादन अधिकाऱ्याने निवाड्यात भाव पाडून धरला. शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी भांडला आणि त्यास १० लाख रुपये जादा द्यावेत असे ठरले. १८९४ चा जुना कायदा त्याच्या १९८४ सालच्या दुरुस्तीसह घ्या, नाही तर १ जानेवारी २०१४ पासून चालू झालेला नवा कायदा घ्या. दोहोंतही या वाढीव रकमेवर, जमिनीचा ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी शेकडा ९ आणि पुढे पैसे देईपर्यंत शेकडा १५ या दराने व्याज देण्याची तजवीज आहे. सरकारने अपील केले, आणि ताब्यापासून पैसे हाती पडेपर्यंत आठ वर्षे गेली असे धरू. पहिल्या वर्षाचे ९० हजार व पुढील सात वर्षांचे साडेदहा लाख मिळून व्याज झाले ११ लाख ४० हजार. मुद्दल १० लाखांचे, आणि नुसते व्याज त्याहून जास्त! हे ओझे अपील करणाऱ्या साहेबाच्या पगारातून कापले जात नाही. तुम्ही काडेपेटी घेता, गाडीत तेल भरता, पोराला वही आणता, तेव्हा जो कर देता त्यातून हे व्याज जाते.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला शेकडा १५ व्याज मिळाले, मग त्याचे बिघडले काय? असे म्हणणाऱ्याने त्याच्या घरी एकदा जावे. जमीन पहिल्याच वर्षी गेली. मधली सात वर्षे त्याने सावकाराचे आणले, मुलीचे लग्न केले, मुलाची शाळा सोडवली. पुष्कळ ठिकाणी तर मूळचा दावेदार मरून जातो, त्याच्या मुलांची नावे वारस म्हणून लावावी लागतात, त्यांच्यांत हिश्शावरून तंटे होतात आणि एका सरकारी अपिलाच्या पोटी तीन नवे दावे जन्मास येतात. कोर्टाने फटकारूनही पैसे आले नाहीत म्हणजे बेलीफ जप्तीचे वॉरंट घेऊन कचेरीत शिरतो. खुर्च्या, टेबले, संगणक, कधी कधी तर साहेबांची मोटार तो ओढून नेतो. वर्तमानपत्रात छबी येते, लोक खदाखदा हसतात. हसण्यासारखे त्यात काय आहे? जप्त झालेली खुर्ची आपलीच, व्याज आपलेच आणि ज्याच्यासाठी जप्ती झाली तो म्हाताराही आपलाच.

इतके होऊनही अपिले का होतात? अधिकारी काही मूर्ख नसतात. त्यामागचे कारण साधे आहे. खालच्या कोर्टाचा निकाल मान्य करून ज्याने पैसे देऊन टाकले, त्यास उद्या चौकशीत विचारतात की, बाबा रे, तू का दिलेस, तुझे त्यात काय होते? आणि ज्याने अपील केले व तो हरला, त्यास कोणी काही विचारत नाही. हरण्याचा दोष कोर्टाच्या माथी जातो. म्हणून फायलीवर ‘अपील करावे’ असा शेरा मारून मोकळे होणे हेच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या एका अपिलात यावर नेमके बोट ठेविले. ते अपील ६६३ दिवस उशिरा आले होते. वरच्या कोर्टाने फेटाळल्याचा दाखला मिळवून प्रकरण मिटवावे, एवढ्याचसाठी असली अपिले येतात, असे सांगून न्यायालयाने त्यांस ‘सर्टिफिकेट केसेस’ असे नाव दिले. सरकारास २५ हजार रुपये दंड केला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करावा असे फर्माविले. कर खात्याचीही तीच कथा. सरकारच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत लिहिले आहे की, अपिलांत त्या खात्यास शंभरांत तीस वेळाही यश येत नाही. शंभरांत सत्तर वेळा नापास होणाऱ्या विद्यार्थ्याच्या बापास आम्ही शाळेत बोलावून घेतो. येथे बोलवावे कोणाला?

दावा लावण्यापूर्वी सरकारास दोन महिन्यांची नोटीस द्यावी, असे दिवाणी संहितेचे ८० वे कलम सांगते. हेतू हा की, सरकारने विचार करावा, चूक असेल तर घरातच मिटवावे. प्रत्यक्षात या नोटिशीस धड उत्तर मिळत नाही म्हणून २००५ साली सर्वोच्च न्यायालयास कान उपटावे लागले व उत्तर देण्यासाठी अधिकारी नेमण्यास सांगावे लागले. त्या एका नोटिशीस वेळेवर उत्तर न दिल्याची किंमत पुढे किती लाखांवर गेली, हे दाव्याच्या खातेवहीत दिसले पाहिजे.

दप्तर ज्याच्या हाती, त्याच्या हाती गाव, ही गोष्ट आमच्या समाजास नव्याने शिकवावी लागत नाही. कुलकर्ण्याच्या रुमालात काय बांधले आहे हे कुणब्यास पिढ्यान् पिढ्या कळले नाही. त्याला अक्षर येत नव्हते आणि ज्याला येत होते तो वाचून दाखवीत नव्हता. शाहू छत्रपतींनी १९१८ साली करवीर राज्यात कुलकर्णी वतने मोडून पगारी तलाठी नेमले, त्यामागचे दुखणे हेच होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी जे निवेदन ठेविले, त्याचा गाभाही हिशेबाचाच होता. तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि तिचा लाभ वरचे लोक घेतात, ही ती तक्रार. आज ते दप्तर एका जातीच्या माजघरात नाही. तहसीलदार, प्रांत, सरकारी वकील, मंत्री या जागांवर आपल्याच वाड्यावस्त्यांतली मुले बसली आहेत, आणि त्यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु रुमालाची गाठ काही सैल झाली नाही. आपला माणूस खुर्चीवर बसला म्हणून त्याला हिशेब विचारू नये, ही शिकवण जोतीरावांची नव्हे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणाराचे आडनाव बदलले, तरी हलवायाचे जायचे ते जातेच.

आमच्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण देतात. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ. आज किती मुले जेवली, किती तांदूळ शिजला, पोत्यात किती उरला, हे मास्तराने रोज लिहून ठेवावयाचे व मागेल त्यास दाखवावयाचे. चार मूठ तांदळाची तफावत आली तर खुलासा लिहावा लागतो. हे योग्यच आहे, आमची त्याबद्दल कुरकुर नाही. पण १०० ग्रॅमचा हिशेब मागणाऱ्या सरकारने एका दिवसाच्या लाखो रुपयांचा हिशेब देऊ नये, हे गणित आम्ही वर्गात कसे शिकवावे?

माहितीचा अधिकार आहे ना, मग मागा, असे उत्तर येईल. महाराष्ट्राने असा कायदा २००२ सालीच केला आणि २००५ साली तो सबंध देशास मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्यात एक मेख आहे. सरकारी दाव्यांवरील खर्च विचारला की ‘मागितलेली माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर येऊ शकते, आणि ते उत्तर बेकायदा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून ठेविले आहे की, जी माहिती कचेरीने जुळवून ठेवण्याचे बंधन कोणत्याच नियमात नाही, ती अर्जदारासाठी नव्याने जुळवून देण्यास कचेरी बांधलेली नाही. तेव्हा नुसते मागून भागावयाचे नाही. दाव्यागणिक खातेवही ठेवलीच पाहिजे, असे बंधन आधी पाहिजे. कायद्याच्या चौथ्या कलमात न मागता माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सांगितले आहे व खर्चाचे अहवालही त्यात येतात. त्यात ‘प्रत्येक दाव्यावरील खर्च’ अशी एक ओळ सरकारने नियम करून घालावी. त्यासाठी नवे खाते नको, नवा कारकून नको. बिल मंजूर करताना त्यावर दाव्याचा क्रमांक लिहिला की निम्मे काम झाले.

वकिलाचे नि पक्षकाराचे बोलणे गुप्त असते, ते उघड कसे करावे, असा एक आक्षेप आहे. बोलणे खुशाल गुप्त ठेवा. कोणता साक्षीदार कधी काढणार हे आम्ही विचारीत नाही. वैद्याने काय औषध दिले हे न सांगताही त्याची फी सांगता येते. दुसरा आक्षेप, वकिलाची कमाई ही त्याची खासगी बाब आहे. २०२३ सालच्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्याने माहिती अधिकारातील खासगी माहितीचा अपवाद आणखी रुंद करून ठेविला आहे, आणि हे निमित्त पुढे केले जाईल अशी आम्हांस धास्ती वाटते. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती द्यावी, हे आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम मात्र अजून उभे आहे. वकिलाने घरी किती मिळविले हे आम्हांस नको. तिजोरीतून बाहेर पडलेला पैसा पडताना कोणाच्या नावे पडला, एवढेच पाहिजे.

तिसरा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. आकडे बाहेर आले तर लोक ओरड करतील आणि सरकार जे दावे जिवाच्या कराराने लढले पाहिजे तेही अर्ध्यावर सोडील, असे काहींस वाटते. गरिबांच्या बाजूचा कायदा टिकविण्यासाठी सरकारास श्रीमंतांशी कोर्टात झुंजावे लागते, हे खरे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मुंबई उच्च न्यायालयात जून २०१९ मध्ये टिकला आणि ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात पडला. त्यानंतर दोष कोणाचा यावर गावोगाव पारावर किती भांडणे झाली हे आम्ही ऐकले आहे. या सरकारने वकील बरा दिला नाही, त्या सरकारने तयारी केली नाही, सगळे ऐकीव. कोण वकील, किती बैठका, किती दिवस, किती फी हे कागदावर समोर असते, तर भावाभावांनी एकमेकांची डोकी फोडण्याऐवजी कागद वाचून बोलता आले असते. चांगल्या दाव्यास उघड हिशेबाचे भय नाही. ज्या अपिलाचा खर्च सांगावयास लाज वाटते, ते अपील बहुधा करावयाचेच नसते.

परदेशांत अशी वही ठेवतात काय? अमेरिकेत १९८० साली कायदा झाला की, सरकारशी भांडून जिंकलेल्या नागरिकास, सरकारची बाजू समर्थनीय नसेल तर, वकिलाचा खर्च सरकारने द्यावा. किती दिले याचे वार्षिक अहवाल मध्यंतरी बंद पडले. २०१९ साली पुन्हा कायदा करून, कोणत्या खात्याने कोणत्या दाव्यात किती दिले याची सर्वांस पाहता येईल अशी यादी ठेवण्याचे बंधन घातले. आमच्याकडे खोट्या किंवा त्रासदायक बचावाबद्दल दिवाणी संहितेच्या ३५-अ कलमाखाली साधारण दाव्यात भरपाईची कमाल मर्यादा आहे ३ हजार रुपये. एवढ्यात जिल्ह्याच्या गावी जाण्याचे एस. टी. चे भाडे तरी निघाले म्हणजे पुष्कळ!

तेव्हा आमची मागणी अशी आहे की, ज्या तालुक्यात सरकारचा किंवा जिल्हा परिषदेचा दावा चालू असेल, त्या तालुक्याच्या कचेरीत आणि ज्या गावची जमीन असेल त्या गावच्या चावडीवर दर सहा महिन्यांनी एक तक्ता लागावा. दावा केव्हा लागला, नोटिशीस उत्तर दिले की नाही, वकिलास आजवर किती दिले, किती तारखा सरकारने मागून घेतल्या, हरल्यास आजच्या तारखेस व्याज किती होते आणि अपील करण्याचा हुकूम कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने दिला, इतके त्यात असावे. मराठीत असावे आणि वाचता येईल अशा अक्षरात असावे. संकेतस्थळावरही ठेवावे, पण केवळ तेथेच ठेवून मोकळे होऊ नये.

हे होईपर्यंत वाचकांनी हातावर हात ठेवून बसू नये. ज्यांच्या गावात भूसंपादनाचे दावे आहेत त्यांनी विषय ग्रामसभेत घ्यावा, ठराव लिहून घ्यावा आणि जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अर्जास १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालील माणसास तोही लागत नाही. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांच्या आत व एकाच विषयाचा असावा, म्हणून एका अर्जात एकाच दाव्याचे विचारावे. ‘सर्व दाव्यांचा एकूण खर्च’ असे विचारू नये, कारण त्यास ‘एकत्रित उपलब्ध नाही’ हे उत्तर तयारच असते. दाव्याचा क्रमांक घालून, त्या दाव्यात वकिलास दिलेल्या प्रत्येक बिलाची नक्कल आणि अपील करण्याच्या शेऱ्याची नक्कल मागावी. हे कागद फायलीत असतात, ते कोणास नव्याने जुळवावे लागत नाहीत. ३० दिवसांत उत्तर न आल्यास २० रुपयांचा स्टँप लावून पहिले अपील करावे. आलेले उत्तर घडी करून खिशात ठेवू नये, ग्रामसभेत मोठ्याने वाचावे आणि एक नक्कल या पत्राच्या संपादकांकडे धाडावी.